डावी बाजू भरते आणि परत मागे पडते: दोन बाजूंचा फरक पुन्हा पुन्हा का येतो

जिममधली तक्रार साधारण अशी असते. उजवा दंड मोठा, डावा बारीक, किंवा उजवी चेस्ट भरलेली आणि डावी चपटी, म्हणून डाव्या बाजूला रोज दोन सेट जास्त मारले, दोन-अडीच महिन्यांत बऱ्यापैकी सारखं झालं, खूश होऊन परत रॉडवर, म्हणजे दोन्ही हातांनी एकत्र उचलायच्या बारबेलवर गेलो आणि पुढच्या दोन महिन्यांत जैसे थे. मग परत एक्स्ट्रा सेट, परत थोडं सारखं, परत मागे. काही जणांचं हे वर्षानुवर्षं चालू असतं आणि मधल्या मधे कोपर दुखायला लागतं ते वेगळंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एक्स्ट्रा सेट हा याचा इलाज नाही. त्याने फरक तात्पुरता भरतो पण ज्या कारणाने पडला ते कारण तुमच्या रोजच्या वजन उचलण्यात तसंच बसलेलं असतं, त्यामुळे एक्स्ट्रा सेट बंद केले की ते परत आपलं काम सुरू करतं. कारण शोधायचं, आणि ते सापडेपर्यंत कमी ताकदीची बाजू जेवढं करेल तेवढंच दुसऱ्या बाजूने करायचं, एक रेपही (वजन एकदा उचलून खाली आणणं) जास्त नाही. ऐकायला सोपं आहे, करताना लोकांच्या जिवावर येतं कारण चांगला हात आवरायला कुणालाच आवडत नाही.

पण त्याच्या आधी, फरक खरंच आहे का ते बघा. आरशावर जाऊ नका. जिमचा आरसा, वरून येणारा एकाच बाजूचा लाइट, थोडं तिरकं उभं राहणं, एका हाताचा पंप (व्यायामानंतर स्नायू फुगणं) जास्त, एवढ्याने लहान-मोठं दिसतं. शिंप्याकडे असतो तो टेप घ्या, सकाळी, वर्कआउटच्या आधी, हात सैल सोडून. दंडासाठी खांद्याच्या टोकाच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत मोजा, बरोबर मध्यावर पेनाने खूण करा आणि तिथला घेर घ्या, दोन्ही हातांना तसंच. मांडीसाठी गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटीमीटर वर खूण, पोटरीचा घेर जिथे सगळ्यात जास्त तिथे. खूण न करता अंदाजाने टेप लावला तर त्याच हाताचा घेर दोन वेळा दोन वेगळा येतो, करून बघा. दंडात अर्धा-पाऊण सेंटीमीटर फरक आला तर मी तरी त्याला प्रॉब्लेम म्हणत नाही, सोडून द्या आणि जेवायला जा.

कारण सारखं कुणीच नसतं. उजव्या हाताने काम करणाऱ्यांची उजव्या हाताची पकड डावीपेक्षा साधारण १० टक्के जास्त असतेच, डावखुऱ्यांमध्ये मात्र हा फरक बऱ्याचदा जवळपास नसतो, आणि त्याचं कारण उघड आहे, कात्रीपासून गाडीच्या किल्लीपर्यंत सगळी दुनिया उजव्यांसाठी बनवलेली म्हणून त्यांचा उजवा हातही कामाला जुंपलेला असतो. टेनिसवाल्यांचं तर हाडसुद्धा बदलतं. १९७७ साली प्रोफेशनल खेळाडूंचे एक्स-रे काढून बघितले तेव्हा खेळायच्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि बायकांत सुमारे २८ टक्के जाड निघाली होती. आणि गंमत म्हणजे टेनिसपटू नदाल लिहितो उजव्या हाताने, खेळायचा डाव्याने, म्हणजे निसर्गाने दिलेली बाजूच शेवटी जिंकते असंही काही नाही, काम ज्या बाजूला देता ती बाजू बनते.

उसेन बोल्टला पाठीच्या कण्याचा बाक आहे, एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड. २०१७ मध्ये त्याच्या पळण्याचं मोजमाप केलं तेव्हा उजवा पाय जमिनीवर सुमारे १३ टक्के जास्त जोरात आपटतो आणि डावा सुमारे १४ टक्के जास्त वेळ टेकलेला राहतो असं निघालं. तरी १०० मीटर ९.५८ सेकंदात, तो रेकॉर्ड २००९ पासून कुणाला मोडता आलेला नाही. लामार गँट नावाच्या अमेरिकन पॉवरलिफ्टरचा कणा तर चांगलाच वाकडा होता आणि त्याने १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलून सरळ उभं राहणं) मारली, त्याच्या आधी कुणी मारली नव्हती. हे सांगायचं कारण एवढंच की दोन बाजूंत फरक आहे म्हणजे इंज्युरी होणारच अशी जी भीती रील्सवर घालतात ती अर्धवट आहे. फरक वाढत चालला असेल, किंवा दुखत असेल, किंवा लिफ्ट अडकली असेल, तर हात घाला.

आणखी एक, काही गोष्टी कधीच सारख्या होणार नाहीत. ॲब्जच्या आडव्या रेषा वर-खाली असतील, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला चार चौकोन दिसत असतील, तर ते स्नायूच्या मधल्या पट्ट्या तशाच जन्मतः आहेत, कितीही क्रंच मारा. बायसेप फुगवल्यावर कोपराजवळ एका हातात दोन बोटं मावतात आणि दुसऱ्यात एकच, तेही तसंच, स्नायू कुठे संपून त्याची दोरी सुरू होते ते ठरलेलं असतं. यावर पैसे आणि महिने घालवणारी पोरं बघितली की वाईट वाटतं, आणि त्यांना 'होईल होईल' म्हणत पर्सनल ट्रेनिंगची फी घेणारे बघितले की राग येतो.

बरं, फरक खरा आहे असं टेपने सांगितलं. आता तो कसला आहे ते बघा, कारण साइज, ताकद आणि कंट्रोल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हीला इनबॅलन्सच म्हणतात. एका हाताने डंबेल प्रेस, एका हाताने रो (वाकून वजन अंगाकडे ओढणं), दोन्ही बाजूंना एकच वजन, मधे तीन मिनिटं आराम, फॉर्म मोडेपर्यंत रेप्स मोजा. पायासाठी खुर्चीवरून एका पायावर उठणं-बसणं, आणि भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायाची टाच उचलणं. टाच उचलण्याचे २०-२५ व्हायला पाहिजेत धडधाकट माणसाचे. आज उजव्यापासून सुरुवात केली असेल तर दोन दिवसांनी डाव्यापासून करा, नाहीतर दुसरी बाजू दमलेली असताना मोजल्यासारखं होतं.

रेप्स सारख्या पण घेर कमी, असं निघालं तर मी फार हात लावणार नाही, ती बाजू काम करतेय, महिन्यांनी भरेल नाहीतर तेवढीच राहील. घेर सारखा पण रेप्स कमी, किंवा रेप्स होतात पण हात थरथरतो, डंबेल बाहेर पळतं, तर तो कंट्रोलचा प्रॉब्लेम, हा सगळ्यात लवकर सुटतो, काही आठवड्यांत. घेरही कमी आणि रेप्सही कमी असतील तर मागे जाऊन आठवा, प्लॅस्टर घातलं होतं का, गुडघ्याचं ऑपरेशन, खांदा निखळला होता, लहानपणी हात मोडला होता. बहुतेक वेळा काहीतरी निघतं, आणि बऱ्याच जणांना ते इतकं जुनं वाटतं की सांगण्यासारखं वाटत नाही.

आता मूळ मुद्दा, परत का येतं.

पहिला संशयित रॉड. जुवाला दोन बैल जुंपले आणि त्यातला एक दमदार असला की औत तोच ओढतो, लांबून बघणाऱ्याला जोडी चालतेय एवढंच दिसतं. रॉडचं तेच. बेंच प्रेसला (झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं) फोन डोक्याच्या मागे जमिनीवर ठेवून व्हिडिओ काढा, हलक्या सेटचा नको, शेवटच्या दोन रेप्स जिथे जड जातात त्याचा, आणि स्लो करून बघा. रॉड कुठल्या बाजूने आधी वर जातो, कुठल्या बाजूचं कोपर बाहेर फाकतं. मग ग्रिप बघा, रॉडवर जी गुळगुळीत रिंग असते तिच्यावर उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आहे आणि डाव्या हाताची करंगळी, असं असेल तर एका बोटाच्या फरकाने दोन्ही हातांचा अँगल बदलला. डोळे रॉडच्या मध्यावर आहेत का, का बेंचवर थोडे सरकून झोपलात. एक पाय पुढे एक मागे आहे का. शेजारच्याशी बोलत मान एकीकडे वळलेली असते ते तर रोजचंच. आणि कृपा करून बेंच स्वतः रॅकला सरळ लावलाय का ते बघा, कारण मागच्याने तिरका सोडलेला बेंच तसाच वापरणारे खूप आहेत.

स्क्वॅटला व्हिडिओ बरोबर मागून, कॅमेरा कमरेच्या उंचीला. खाली गेल्यावर, किंवा बऱ्याचदा खालून वर येताना पहिल्या वीतभरात, कंबर एका बाजूला सरकते. जुनी गुडघ्याची इंज्युरी असलेले चांगल्या पायाकडे सरकतात, त्यांना स्वतःला कळतही नाही. पण इंज्युरी नसताना सरकत असेल तर घोटा तपासा. भिंतीसमोर पायाचा अंगठा ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, पाय मागे मागे सरकवत जायचं, टाच उचलायच्या आत शेवटची जागा कुठे येते ते अंगठा ते भिंत असं सेंटीमीटरमध्ये मोजायचं. दोन घोट्यांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कमरेचा दोष नाही, घोटा अडतोय, त्या बाजूला लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) मारून काही होणार नाही, घोटा मोकळा करा. क्रिकेट किंवा फुटबॉल खेळताना कधीतरी पाय मुरगळलेला असतो आणि तो पूर्ण बरा झालाच नव्हता असं निघतं.

डेडलिफ्टवाल्यांनी हे जरूर बघावं. मिक्स ग्रिप म्हणजे एक तळहात आपल्याकडे, एक पुढे, यात नेहमी एकच हात सुलटा (तळहात पुढे) धरायची सवय असते, वर्षानुवर्षं. दोन खांदे वेगळ्या स्थितीत, पाठ किंचित वळलेली, आणि जड वजनाला सुलट्या हाताच्या बायसेपवर ताण. एका बाजूची बॅक आणि ट्रॅप (मान-खांद्यामधला स्नायू) जास्त भरलेले दिसतात त्यात याचा हात असू शकतो. सेटगणिक हात बदला, नाहीतर वॉर्मअप ते मधले सेट दोन्ही तळहात आपल्याकडे करून मारा आणि शेवटच्या जड सेटलाच स्ट्रॅप्स बांधा.

मशीन आहे म्हणजे सारखंच, हाही गैरसमज. दोन वेगवेगळ्या केबल असलेल्या मशीनची एक पुली घासत असते, तेल घातलेलं नसतं, उजवीकडे २० किलो आणि डावीकडे तेच २० किलो पण ओढायला २३ सारखं. तपासायचं कसं, मशीनकडे पाठ करून उभं राहा म्हणजे बाजू बदलल्या, आता जड कुठल्या हाताला लागतंय? आधीच्याच हाताला लागलं तर हात दुबळा, दुसऱ्या हाताला लागलं तर मशीन. डंबेलचंही तसंच करा, जोडीतले दोन एकमेकांत बदलून बघा, जुन्या जिममध्ये १५ लिहिलेल्या दोन डंबेलमध्ये फरक निघतो, रबर निघालेलं, वेल्ड करून दुरुस्त केलेलं, काय काय असतं. जिममध्ये वजनकाटा असतोच, त्यावर ठेवा ना दोन्ही. लेग प्रेसला एक पाऊल वर एक खाली, लॅट पुलडाऊनला सीटवर तिरकं बसणं, हे सांगायलाच नको.

दुसरा संशयित, क्रम. शंभरातले नव्वद जण एकहाती एक्सरसाइज उजव्या हाताने सुरू करतात. हा माझा जिममध्ये बघून अंदाज, सर्वे नाही. उजव्याने फ्रेश असताना बारा मारले, मग डाव्याने अकराव्याला अंग झोकून, कंबर वळवून बारावा कसाबसा, आणि डोक्यात हिशेब की दोन्हीचे बारा झाले. तो बारावा डाव्या दंडाने मारलाच नव्हता, कमरेने मारला होता. उलट करा, डाव्यापासून सुरुवात, स्वच्छ फॉर्ममध्ये जेवढे होतील तेवढे, समजा नऊ झाले, मग मिनिटभर थांबून उजव्याने नऊच. दुसऱ्या सेटला डाव्याचे आठ तर उजव्याचे आठ. उजवा म्हणेल मला अजून चार येतात, येऊ देत.

इथे लोक घाबरतात की मग उजवा उतरेल. नाही उतरत. कमवायला जेवढे सेट लागतात त्याच्या एक तृतीयांशात किंवा त्याहून कमीत तरुण माणसाची ताकद महिनोन्महिने टिकते, वजन तेवढंच ठेवलं तर. उजव्याचं काम थोडं घटलंय, बंद झालेलं नाही.

आणि डाव्याला जास्तीत जास्त एक सेट जादा, तोही आठवड्यातून दोनदा, बस. जे रोज दोन-दोन सेट जादा मारतात, वरून रॉड कर्ल आणि पुलअप्स चालूच, त्यांचं कोपर आणि खांद्याची पुढची दोरी दुखायला लागते, मग त्या हाताला सुट्टी द्यावी लागते, आणि सुट्टीत उजवा चालूच. म्हणजे फरक भरायला निघालेलो आणि वाढवून बसलो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या केसेसमध्ये हा प्रकार मला सगळ्यात जास्त दिसतो.

तिसरा संशयित बाहेरचं आयुष्य, यावर इंटरनेटवर जास्तच बोललं जातं. एका खांद्यावर सॅक, उजव्या हाताला माउस, मागच्या खिशात जाड पाकीट, पोराला नेहमी डाव्या कडेवर घेणं. याने अवघडतं, पाठीत भरतं, पाकिटाने पायात मुंग्या येऊ शकतात, पण सॅकने चेस्ट बारीक झाली असं मला पटत नाही. हां, रोज तासनतास एका बाजूने जोर लागत असेल तर गोष्ट वेगळी. बॅडमिंटन, बॉलिंग, हातोडा, पेंटिंगचा रोलर. फास्ट बॉलरच्या कमरेत स्ट्रेस फ्रॅक्चर होतात ती बहुतेक बॉलिंगच्या हाताच्या उलट्या बाजूला, इतका तो प्रकार एकतर्फी आहे. तालमीतल्या पोरांचं पण बघा, जोर-बैठका दोन्ही बाजूंनी होतात पण धोबीपछाड प्रत्येकाचा एकाच बाजूने बसलेला असतो आणि लढतीत तोच मारला जातो, प्रॅक्टिसला वस्ताद दुसऱ्या बाजूने मारायला लावतात ते काही उगाच नाही. मुद्गल किंवा करेला (तालमीतली जड लाकडी गदा) फिरवायची पद्धत मला या बाबतीत फार आवडते, हात आळीपाळीने चालतात, चांगल्या हाताला पुढे पळायला जागाच नाही. खेळ सोडा असं कुणी म्हणत नाहीये, पण बॅडमिंटनच्या आठवड्यात उजव्या खांद्याचे जिममधले सेट कमी करायला काय हरकत आहे.

जुन्या इंज्युरीचं थोडं वेगळं सांगायला हवं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो आणि लोक लंज, लेग एक्स्टेन्शन मारत राहतात, भरतच नाही. कारण सांध्यात सूज असेपर्यंत त्या स्नायूला वरून ऑर्डरच पूर्ण पोचत नाही, मेंदू आवरून धरतो. साधी टेस्ट, पाय सरळ पसरून बसा, मांडी आवळा, वाटी वर सरकते का आणि दोन्ही बाजूंना सारखी कडक लागते का बोटाने दाबून बघा. एक बाजू पिठाच्या गोळ्यासारखी लागत असेल तर जिमचा प्रोग्राम बदलून उपयोग नाही, फिजिओकडे जा, ते सूज आणि आवळण्यावर काम करतात, कधी करंट देणारं मशीनही लावतात, आणि त्यानंतर लंज कामाला येतात.

आणि हात प्लॅस्टरमध्ये असेल तर दुसऱ्या हाताचा व्यायाम थांबवू नका, त्याने फरक वाढेल म्हणून बरेच जण बंद करतात. १८९४ मध्ये येल युनिव्हर्सिटीत स्क्रिप्चर आणि त्याच्या सोबतच्यांनी दाखवून दिलं होतं की एका हाताला ट्रेनिंग दिलं की न वापरलेल्या हाताची ताकदही थोडी वाढते. साइज वाढत नाही, हा मेंदू-नसांचा खेळ आहे, पण बंद हात कमी उतरतो. सव्वाशे वर्षं जुनी गोष्ट आहे आणि अजून लोक प्लॅस्टर आलं की दीड महिना सोफ्यावर.

प्रोग्राम म्हणाल तर फार डोकं लावायचं कारण नाही. आठ ते बारा आठवडे त्या भागासाठी रॉड बाजूला. वरच्या अंगाला एकहाती डंबेल फ्लोअर प्रेस, एकहाती रो, एक गुडघा टेकून एकहाती शोल्डर प्रेस, एकहाती पुलडाऊन. फ्लोअर प्रेस मुद्दाम सांगतोय, बेंचवर एकाच हातात डंबेल असला की लोक घसरू नये म्हणून अंग वाकडं करतात, जमिनीवर ते होत नाही. खाली स्प्लिट स्क्वॅट, स्टेप अप, एका पायाची रोमानियन डेडलिफ्ट, एका पायाची काफ रेझ. आठवड्यातून दोनदा, तीन-तीन सेट, आठ ते बारा रेप्सच्या मधे, कमी बाजू आधी, दोन्ही बाजूंना खाली यायचा वेग सारखा, मनातल्या मनात तीन मोजत. डाव्याचे तिन्ही सेट बारा-बारा स्वच्छ झाले की दोन्हीचं वजन वाढवा. एका पायाचं वजन दोन पायांच्या निम्म्यापेक्षा जास्त निघालं तर मशीन बिघडलं समजू नका, दोन्ही बाजू एकत्र लावताना प्रत्येकीचा जोर थोडा कमीच लागतो.

ताकद आधी येणार, महिना-दीड महिन्यात रेप्स जवळ येतील, घेर मात्र हळू, तीन-चार महिने तरी टेपवर काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. दर महिन्याला तीच टेस्ट, त्याच वजनावर. दहातला एखादा रेप कमी एवढ्यावर आलं की फरक मिटला म्हणायचं, आणखी घासायचं नाही.

मग रॉडवर परत, आणि इथेच सगळं बिघडतं म्हणून हळू. आधीच्या वजनाच्या साठ-सत्तर टक्क्यांपासून, रिंगवर बोटं मोजून ग्रिप, दर आठवड्याला जड सेटचा एक व्हिडिओ. रॉड तिरका दिसला त्या दिवशी वजन तिथेच थांबवायचं, इगो घरी ठेवून. आणि एकहाती एक एक्सरसाइज कायमची ठेवायची, प्रेससाठी एक, पुलसाठी एक, पायासाठी एक, वर्षभर, फरक नसतानाही, कमी बाजूपासून सुरुवात करून. ज्यांचं परत येत नाही त्यांनी हे ठेवलेलं असतं आणि ज्यांचं येतं त्यांनी 'झालं आता सारखं' म्हणून काढून टाकलेलं असतं, बाकी फरक मला तरी दिसत नाही.

तेल, एका बाजूची मालिश, एका बाजूला चिकटवायचे करंट पॅड टीव्हीवर विकतात ते, यावर बोलत नाही.

आता जे जिममध्ये सुटणार नाही ते. एका बाजूची छाती लहानपणापासूनच सपाट, काखेची पुढची घडीच नाही, निपल वर किंवा छोटं, कधी त्या बाजूची बोटं आखूड, तर तो पोलंड सिंड्रोम असू शकतो. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये आल्फ्रेड पोलंडने १८४१ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं, देशाशी काही संबंध नाही. पुरुषांत आणि उजव्या बाजूला जास्त आढळतो. तिथे तो स्नायूच पूर्ण किंवा अर्धा बनलेला नसतो, आणि नसलेला स्नायू डंबेलने भरत नाही, प्लास्टिक सर्जन हा त्याचा रस्ता.

भिंतीला हात लावून ढकलताना एका बाजूचं खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर येत असेल आणि ते अचानक सुरू झालं असेल तर नस दुखावलेली असू शकते, पुशअप्स मारत बसू नका. पुढे वाकून पाय सरळ ठेवल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसत असेल तर कण्याचा एक्स-रे, विशेषतः वयात येणाऱ्या पोरापोरींचा, १० डिग्रीच्या पुढचा बाक असेल तर स्कोलिओसिस म्हणतात आणि वाढीच्या वयात त्यावर लक्ष ठेवावं लागतं. मान दुखून एका हाताचा ट्रायसेप ढिला पडणं, कंबर दुखून एका पायाची टाचच उचलता न येणं, हे स्नायूचं नाही, मणक्यातल्या नसेचं.

आणि हे नीट वाचा, कारण वय नेमकं जिमवाल्या पोरांचं आहे. साधारण १५ ते २५ वयाचा मुलगा, एका हाताचा पंजा आणि कोपराखालचा आतला भाग हळूहळू बारीक होतोय, दुखत अजिबात नाही, थंडीत बोटं जास्तच जड होतात, बटण लावायला वेळ लागतो. याला हिरायामा आजार म्हणतात, जपानमध्ये १९५९ मध्ये पहिल्यांदा नोंदवला, आपल्याकडेही बऱ्यापैकी दिसतो. मान पुढे वाकवल्यावर मज्जारज्जूवर दाब येतो हे त्याचं कारण मानतात, म्हणून एमआरआय मान वाकवूनही काढावा लागतो, सरळ मानेचा काढला तर सुटू शकतो, आणि लवकर कळला तर मानेचा पट्टा लावून वाढ रोखता येते. दुखत नाही म्हणूनच पोरं वर्ष-वर्ष रिस्ट कर्ल मारत राहतात.

लहानपणी पोलिओ झालेल्यांना बारीक पायाला दमवणारे एक्स्ट्रा सेट अजिबात नकोत. भारतात शेवटची केस जानेवारी २०११ ची आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, पण पन्नाशी-साठीतले लोक आहेत ना आपल्यात, आणि त्या उरलेल्या स्नायूला अति ताण दिला तर तो वाढायच्या ऐवजी आणखी थकतो. त्यांनी फिजिओच्या देखरेखीखालीच करावं.

उलट प्रकार पण आहे, एक पोटरी अचानक मोठी झाली, तापलेली, दाबल्यावर दुखते, लांबचा प्रवास किंवा ऑपरेशन नुकतं झालंय, तर तो पंप नाही, नसेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी हॉस्पिटल, मालिश करायची नाही.

कुणाकडे जायचं म्हणाल तर, न दुखता बारीक होत असेल किंवा मुंग्या-बधिरपणा असेल तर न्यूरोलॉजिस्ट, सांधा दुखत किंवा अडत असेल तर ऑर्थो, बाकी फिजिओ. जाताना दोन-तीन महिन्यांचे घेर तारखेसकट लिहून न्या आणि तो मागून काढलेला व्हिडिओही, कारण 'डॉक्टर, डावी बाजू बारीक वाटते' एवढंच सांगितलं तर दोन मिनिटांत कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन बाहेर याल.